लेन्स बदलली तरी फोटो हललेलाच? आधी डावं कोपर बघा

परवा पुन्हा तोच मेसेज. मामेभावानं नवीन झूम घेतली, ५५-२५० एमएमची, हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनवाली, नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी जाऊन शंभरेक फोटो काढले आणि घरी येऊन लॅपटॉपवर पाहिलं तर निम्म्याच्या वर हललेले. "दादा, लेन्सच खराब निघाली वाटते, परत करून टाकू का?" म्हटलं थांब बावा, आधी एक फोटो पाठव, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे आतली माहिती टिकते. आला फोटो. २५० एमएम म्हणजे झूम पूर्ण बाहेर, शटर १/३० सेकंद, लेन्सचं भोक एफ ५.६, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते, ४००. उभ्यानं काढलेला.

हे सगळं लिहून ठेवतोय कारण दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी हेच विचारते, आणि मी स्वतः याच खड्ड्यात चांगली दोन वर्षं होतो. माझंही तेच व्हायचं, एकदा सुधारलं वाटायचं, पंधरा दिवसांनी परत ब्लर चालू. आधी कॅमेऱ्याला दोष दिला, मग लेन्सला, मग नवीन लेन्स घेतली, ती पण तशीच. शेवटी कळलं की मी एकाच औषधानं चार वेगळे आजार बरे करायला निघालो होतो.

तर पहिलं काम, फोटो १०० टक्के झूम करून बघा, कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर भरवसा ठेवू नका, तिथं सगळंच शार्प दिसते. आणि नुसतं "ब्लर आहे" म्हणून सोडू नका, ब्लर कसा आहे ते बघा. रात्रीचा किंवा संध्याकाळचा फोटो असेल तर सोपं आहे, कुठलाही छोटा दिवा शोधा. मामेभावाच्या फोटोत तलावापलीकडच्या प्रत्येक दिव्याला एकसारखी शेपटी होती, वरून खाली, शेवटी थोडी डावीकडे वळलेली. सगळ्या दिव्यांना अगदी तीच शेपटी म्हणजे कॅमेरा हलला, दुसरं काही नाही. दिवसाचा फोटो असेल तर झाडाच्या पातळ फांद्या, विजेच्या तारा, पाटीवरची अक्षरं बघा. आडव्या तारा दोन-दोन दिसून राहिल्या आणि उभे खांब मात्र साफ, तर कॅमेरा वर-खाली हलला. उलट असेल तर आडवा.

मागचं सगळं साफ आहे आणि फक्त माणूस पुसल्यासारखा झाला, तर तुमचा हात ठीक आहे, माणूस हलला. हे स्टॅबिलायझेशननं कधीच जात नाही, कितीही महाग लेन्स घ्या. चेहरा मऊ आणि मागची भिंत किंवा पुढची फांदी कडक शार्प, तर फोकस भलतीकडे गेला. आणि कुठलीच दिशा नाही, सगळाच फोटो दुधाळ, तर लेन्सवर बोटाचा डाग, स्वस्तातला फिल्टर, नाहीतर वाफ. पावसाळ्यात एसीतून कॅमेरा घेऊन एकदम बाहेर गेलं की काचेवर दव धरते, दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू द्यायचा, मग काढायचा.

अजून एक प्रकार आहे तो लोकांच्या लक्षात येत नाही. फोटोच्या मधोमध शार्प आणि कोपऱ्यांकडे गोल फिरवल्यासारख्या रेघा. लोक म्हणतात लेन्स कोपऱ्यात सॉफ्ट आहे. असेलही, पण रेघा जर वर्तुळाच्या तुकड्यासारख्या वाकलेल्या असतील तर शटर दाबताना तुमचा उजवा हात कॅमेऱ्याला पिळतोय. बटण उजव्या टोकाला असते ना, तिथं जोरात दाबलं की कॅमेरा उजवीकडे झुकते. आणि लेन्समधलं साधं स्टॅबिलायझेशन वर-खाली आणि डावं-उजवं सांभाळते, हे गोल फिरणं त्याच्या हातात नाही. ज्यांच्या बॉडीतच सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन आहे त्यांचं हे पण बऱ्यापैकी सांभाळलं जाते.

आता मामेभावाचा हिशोब. जुना नियम सगळ्यांना माहीत आहे, जितके एमएम तितका शटर, म्हणजे १०० एमएमला १/१०० सेकंद. पण तो फुल फ्रेमचा, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरचा, आपल्याकडे बहुतेकांकडे त्याहून लहान क्रॉप सेन्सर, तर कॅननला १.६ नं गुणायचं, निकॉन-सोनीला १.५ नं. म्हणजे २५० ला १/४००. ५० ला १/८०. आणि हा नियम फिल्मच्या काळातला, तेव्हा पोस्टकार्ड साइजच्या प्रिंटवर बघायचे, आज २४ मेगापिक्सल १०० टक्क्यांवर डोळे फाडून बघतो आपण, तर मी तर त्याच्याही वर एक पायरी जातो. असो. स्टॅबिलायझेशनची कुवत स्टॉपमध्ये मोजतात, एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ दुप्पट. १/४०० पासून लेन्सचे साडेतीन-चार स्टॉप वजा केले तर १/३० च्या आसपास येते. म्हणजे कागदावर त्याचा फोटो यायला पाहिजे होता! तो हेच धरून बसला होता. पण डब्यावर लिहिलेले स्टॉप म्हणजे लेन्सची कमाल कुवत, गॅरंटी नाही, तिथं दहापैकी दहा येत नाहीत. आणि बटणावर झटका मारला तर त्यातलं काहीच उरत नाही.

झटका. इथंच खरी गोम आहे.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, उभं आयुष्य फोटो स्टुडिओत आणि लग्नाच्या मांडवात गेलं त्यांचं, सगळं फिल्मवर, ३६ फोटोंचा रोल आणि बघायला स्क्रीन नाही. मी त्यांना माझे हललेले फोटो दाखवले तर त्यांनी फोटोकडे पाहिलंच नाही, म्हणाले कॅमेरा घे, माझा फोटो काढ. काढला. म्हणाले, "अबे बाबू, तू शटर दाबून नाही रायला, कोणाच्या घरची बेल वाजवून रायला." खरंच तसंच करत होतो. बोट वर उचलायचो आणि खाली मारायचो, आणि फोटो निघायच्या आधीच उचलायचो पण, कारण लगेच स्क्रीन बघायची घाई.

विश्वास बसत नसेल तर पोरांच्या खेळण्यातला स्वस्त लेझर घ्या, रबरबँडनं कॅमेऱ्याच्या वर बांधा आणि पंधरा-वीस फुटांवरच्या भिंतीवर लाल ठिपका पाडा, घरात कोणाच्या डोळ्यावर जाणार नाही एवढं बघा. आता नेहमीसारखा फोटो काढा आणि दुसऱ्या कोणाला ठिपक्याकडे बघायला सांगा. माझा ठिपका असाच थोडा थरथरत होता ते ठीक, पण बटण दाबताक्षणी चांगला चार बोटं खाली जाऊन परत वर यायचा. दोन वर्षांच्या ब्लरचं कारण भिंतीवर दिसलं. बायको म्हणे, यासाठी लेन्स घेतली होती का तुम्ही.

बरोबर कसं दाबायचं ते सांगतो. बोटाचं टोक नाही, पहिल्या पेराचा मऊ भाग बटणावर आडवा टेकवून ठेवायचा, टेकलेलाच राहू द्यायचा. अर्धं दाबायचं, फोकस लागतो आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन जागं होते. इथं अर्धा-एक सेकंद थांबा. व्ह्यूफाइंडरमधलं, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतलं, चित्र आधी हलत असते आणि मग एकदम तरंगल्यासारखं स्थिर होते, ते दिसलं की पुढं दाबा, हळूच, बोट बटणावरून न उचलता. आणि आवाज पूर्ण संपेपर्यंत दाबूनच ठेवा. मामेभाऊ अर्धं दाबणं आणि पूर्ण दाबणं एकाच दमात करायचा, म्हणजे स्टॅबिलायझर उठून बसायच्या आधीच फोटो निघून जायचा. लेन्सचे पैसे भरले आणि वापरलीच नाही.

याच्यातच एक जुगाड, कंटिन्युअसवर ठेवा आणि तीन-चार फोटो एका दाबात काढा. पहिल्यात दाबायचा धक्का असते, शेवटच्यात सोडायचा, मधले एक-दोन हमखास बरे निघतात. कार्डात जागा आहे तर कंजुषी काऊन करता.

आता कोपर. बहुतेक लोक डाव्या हातानं लेन्स वरून किंवा बाजूनं धरतात, पाण्याचा ग्लास धरल्यासारखी, म्हणजे कोपर आपोआप बाहेर जाते, पंख पसरल्यासारखं, आणि सगळं वजन मनगटावर. डावा तळहात वर करा, कॅमेऱ्याचा बूड तळहाताच्या मागच्या भागावर आणि बोटं लेन्सच्या खाली. आता कोपर खाली सोडा, बरगडीला टेकेल. वजन हाताच्या हाडांवरून सरळ शरीरावर उतरते. उजव्या हातानं फक्त बटण दाबायचं आणि झूम जड असेल तर डावा हात अजून पुढं सरकवा. कॅमेरा भुवईला टेकवा, थोडा दाबूनच. स्क्रीनकडे बघून हात लांब करून काढायची सवय असेल तर ती पहिले सोडा, त्या पोझमध्ये कोणाचाच हात स्थिर राहत नाही. व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा असेल तर पट्टा मानेत घालून पुढं ताणून धरा, पट्टा ताठ झाला की तोच तिसरा आधार.

कॅमेरा उभा धरून फोटो काढताना उजवं कोपर आभाळात जाते, तिथं पण हलते. शटरचं बटण खालच्या बाजूला येईल असा कॅमेरा फिरवला तर दोन्ही कोपरं छातीशी राहतात. सवय नसते म्हणून विचित्र वाटते आणि लोक बघतात, बघू द्या.

पाय खांद्याएवढे फाकवून, एक थोडा पुढे. आणि उभं राहायची गरज नसेल तर उभं राहूच नका ना! फुटाळ्याच्या काठावर बसायला एवढी जागा आहे, बसा, गुडघे वर घ्या आणि दंडाचा मऊ भाग गुडघ्यावर टेकवा. कोपराचं हाड गुडघ्याच्या हाडावर ठेवलं की घसरते, हाड हाडावर थांबत नाही, थोडं पुढं सरकून मांस टेकलं पाहिजे. मामेभावाला एवढंच सांगितलं असतं तरी अर्धे फोटो वाचले असते.

श्वासाबद्दल सगळे सांगतात की रोखून धरा. छाती फुगवून रोखला तर उलट जास्त हलते, आणि आठ-दहा सेकंदांनंतर तर हात कापायलाच लागतात. अर्धा सोडा, सोडल्यानंतर शरीर आपोआप एक क्षण थांबते, तेवढ्यात दाबा. नाही जमलं तर परत श्वास घ्या, फ्रेम कुठं पळून नाही जात. रामटेकला गडाच्या पायऱ्या चढून गेलो होतो आणि वर पोचल्याबरोबर खालच्या तलावाचा फोटो काढला, झूम पूर्ण बाहेर, छाती लोहाराच्या भात्यासारखी. पाहिलं तर एकही शार्प नाही. पाच मिनिटं सावलीत बसून काढले ते सगळे आले, तीच लेन्स, तोच शटर. रिकाम्या पोटी पण होते असं, आधी तर्री-पोहे खाऊन घ्या, चहा मात्र एकच.

आता सेटिंग, कारण समस्या परत परत का येते त्याचं उत्तर हातात कमी आणि इथं जास्त आहे. दिवसा सगळं बरोबर येते, आपल्याला वाटते जमलं, आणि सूर्य बुडला की ऑटो मोड गुपचूप शटर खाली आणते. मामेभावाचं आयएसओ ४०० वर अडकलेलं होतं, दुपारी सेट केलं आणि विसरला. तेच ३२०० केलं असतं तर तीन स्टॉप मिळाले असते, १/३० चं थेट १/२५० झालं असतं. "पण दादा, दाणे येतात ना." येऊ दे! दाणेदार फोटो सॉफ्टवेअरमध्ये सुधारते, प्रिंटमध्ये तर दिसत पण नाही, हललेला फोटो डिलीटच करावा लागते. बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओच्या मेनूमध्ये किमान शटर स्पीड ठरवता येते, ते एकदा करून टाका. तुमच्या मॉडेलमध्ये नसेल तर शटर प्रायॉरिटी, म्हणजे निकॉनवर एस आणि कॅननवर टीव्ही, त्यात १/२५० आणि आयएसओ ऑटो. संध्याकाळी फिरताना मी याच्यावरच ठेवतो आणि बाकी विसरतो.

पण १/२५० हा माझा आकडा, तुमचा काय ते तुम्हालाच काढावं लागेल, आणि त्याला एक रविवार सकाळ पुरते. दारावर पेपरचं एक पान चिकटवा, जाहिरातींचं बारीक अक्षरांचं पान घ्या, दहा फुटांवर उभे राहा. एकदा फोकस लावून मॅन्युअलवर टाका, म्हणजे फोकसचा घोळ मध्ये येत नाही. स्टॅबिलायझेशन बंद. १/२५० वर दहा फोटो, १/१२५ वर दहा, १/६० वर दहा, १/३० वर दहा, आयएसओ ऑटो. मग लॅपटॉपवर बसून प्रामाणिकपणे मोजा, कोणत्या फोटोत बारीक अक्षर वाचता येते. पहिल्यांदा १०० एमएमवर माझे १/२५० ला नऊ आले, १/१२५ ला सहा, १/६० ला दोन आणि १/३० ला भोपळा. महिनाभर रोज पाच मिनिटं रिकामा कॅमेरा घेऊन दाबायचा सराव केला, मग १/६० ला सहा आणि १/३० ला दोन. स्टॅबिलायझेशन चालू केलं की १/३० ला आठ. आता मला माहीत आहे कुठं भरवसा ठेवायचा. (ट्रायपॉडवर मात्र जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, काही लेन्स स्थिर असताना स्वतःच हलवत बसतात.)

गर्दीचं गणित वेगळं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीला नागपूरच्या इतवारी-महालात गेलात तर श्वास-बिस सगळं विसरा, मागून धक्का, बाजूनं धक्का, "घेऊन जा गे मारबत"चा गजर, आणि काळी-पिवळी मारबत आणि बडगे, असे मोठे पुतळे उचलून लोक नाचत असतात. तिथं हातही हलतो आणि समोरचंही हलते, म्हणून सरळ १/५०० आणि वाइड लेन्स. आणि पाठ टेकायला काहीतरी शोधा. बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून शटर दाबलं की मागचे धक्के तरी थांबतात.

जंगलात जाणारे विचारतात जिप्सीत काय करायचं. पेंच असो नाहीतर ताडोबा, पहिलं म्हणजे ड्रायव्हरभाऊंना गाडी बंद करायला सांगा, इंजिन चालू असताना कोपर गाडीच्या लोखंडावर टेकवलं तर सगळी थरथर लेन्समध्ये येते, त्यापेक्षा मोकळा हात बरा. बंद असेल तर बीनबॅग. विकत घ्यायची गरज नाही, जुन्या जीन्सचा एक पाय कापा, खालून शिवा, तांदूळ किंवा हरभरे भरा, वरून घट्ट बांधा, पण ठासून भरू नका, लेन्स त्यात रुतली पाहिजे. माझे तांदूळ एकदा पावसात भिजले आणि चार दिवसांनी बॅगेतून जो वास आला तो विचारू नका, तेव्हापासून आत प्लास्टिकची पिशवी.

आणि एक गोष्ट जिथं तुमचा काहीच गुन्हा नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा दुपारी लांबचा फोटो काढला तर तो मऊच येणार. तापलेल्या डांबरावरून, माळावरून हवा उकळल्यासारखी वर जात असते आणि तीच लेन्सच्या समोर नाचत असते. ट्रायपॉड लावा, १/२००० ठेवा, काही फरक नाही, उभ्या रेषा लाटेसारख्या वाकलेल्या दिसतील. ओळखायची खूण म्हणजे जवळचं शार्प आणि जसजसं लांब तसतसं वाईट. सकाळी आठच्या आत काढा नाहीतर जवळ जा. दोन्ही जमत नसेल तर कूलरसमोर बसा.

ट्रायपॉड न्यायला बंदी असते अशा ठिकाणी दोरीचा उपाय चालते. ट्रायपॉडच्या भोकात बसणारा पाव इंची बोल्ट, इंचाला २० आट्यांचा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. त्याला नट आणि वॉशर घालून लांबी कमी करा, भोक जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल असते, जास्त आत गेला तर कॅमेऱ्याचं बूड फुटेल. बोल्टला पाच-सहा फूट नायलॉन दोरी, दुसरं टोक बुटाखाली, आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताठ. वर-खालची थरथर चांगलीच कमी होते, आडवी तेवढी नाही. खिशात मावते आणि कोणी हटकत नाही.

मोबाइलवाल्यांनो, तुमचं थोडक्यात. आधी लेन्स रुमालानं पुसा, अर्धे ब्लर तिथंच जातात. दोन्ही हात, कोपरं आत, स्क्रीनवरच्या गोळ्याऐवजी आवाजाच्या बटणानं क्लिक, नाहीतर तीन सेकंदांचा टायमर. नाइट मोड दोन-तीन सेकंद फोटो जमा करत असते, तेवढा वेळ खांबाला टेकून राहा.

मामेभाऊ काल परत फुटाळ्यावर जाऊन आला. बसून, गुडघ्यावर दंड टेकवून, १/६० वर काढलेला फोटो पाठवला, डॉक्युमेंट म्हणून. पलीकडच्या दिव्यांच्या शेपट्या गेल्या, ठिपके झाले. फक्त समोर फुगा धरून उभ्या असलेल्या पोट्ट्याचा हात पुसलेला आहे, आणि खाली लिहिलंय, "दादा, अजून थोडा हललाच ना?" अरे, ते पोट्टं हललं. १/२५० कर.